झिजेल तेव्हा सुधारा

जळगाव-धुळ्याकडे नवी रोड बाईक घ्यायला गेलं की दुकानात वजन सांगतात, गिअर किती ते सांगतात, फ्रेम कशाची ते सांगतात. मे महिन्यात गॅलरीत नुसत्या उभ्या असलेल्या सायकलीच्या टायरला कडेनं चिरा का पडतात, मृगाच्या पहिल्या पावसात शेतरस्त्यावर चाक ब्रेकमध्येच का अडकतं, आणि दिसायला कोरी असलेली चेन एका हंगामात का संपते, हे मात्र कोणी सांगत नाही. पुस्तकं वाचावीत तर ती इंग्लंड-अमेरिकेच्या हवेत लिहिलेली. त्यांत हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ गंज कसा चढवतं याची सविस्तर चर्चा असते. सराट्याच्या काट्याबद्दल अवाक्षर नसतं. खानदेशात राहून, इथल्याच रस्त्यांवर, पंचवीस-तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंतची एंट्री लेव्हल रोड बाईक वर्षानुवर्षं नीट चालवायची असेल तर काय करावं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. विषय छोटा वाटला तरी त्याची मुळं बरीच लांब गेलेली आहेत. नव्या वाचकाला ती माहीत असावीत म्हणून ही प्रस्तावना जरा ऐसपैस लिहिली आहे.

एंट्री लेव्हल रोड बाईक म्हणजे ॲल्युमिनियमची फ्रेम, स्टीलचा किंवा कार्बनचा पुढचा फोर्क, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, ७०० सी मापाची अरुंद चाकं, मागे सात किंवा आठ दातेरी चकत्या, पुढे बहुधा दोन. वजन दहा-अकरा किलोच्या आसपास. आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलीच्या मानानं हे निम्मं. कंपनी कोणतीही असो, या किमतीत सगळीकडे काटकसर साधारण एकाच जागी केलेली असते. फ्रेम चांगली देतात, कारण ती डोळ्यांत भरते. टायर, ब्रेकची रबरं, केबल, चेन आणि चाकाचे बेअरिंग स्वस्तातले घालतात, कारण ते कोणी बघत नाही. त्यामुळे या सायकलीत दहा वर्षं टिकणारा सांगाडा आणि दोन वर्षांत संपणारे अवयव एकत्र असतात. आमचं सगळं म्हणणं याच गोष्टीवर उभं आहे: जे झिजणारच आहे ते झिजू द्यावं, झीज नेमकी मोजावी, आणि बदलायची वेळ येईल तेव्हा एक पायरी वरचा भाग बसवावा. देखभाल आणि सुधारणा ही दोन वेगळी कामं नाहीत, आणि त्यासाठी दोन वेगळे खर्चही करावे लागत नाहीत.

आता ही भूमी. सातपुडा आणि अजिंठा-सातमाळा यांच्यामधलं तापीचं खोरं पश्चिमेकडे उघडं आहे. जूनपासून पश्चिमेचा वारा त्यातून सरळ आत येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली ती याच वाऱ्याच्या भरवशावर. पावसाळ्यात धुळ्याहून जळगावकडे निघालेला सायकलस्वार पारोळा, एरंडोल कधी मागे पडलं ते कळू नये इतक्या वेगानं जातो. परतीच्या वाटेवर त्याच नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरांना कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि मग हँडल आपल्या अंगाला जुळतं की नाही ते पाठ आणि मानच सांगतात. म्हणून बसण्याचं माप या पुस्तकात अगदी आधी येतं. सीटची उंची किंवा स्टेमची (हँडल धरणाऱ्या नळीची) लांबी चुकलेली असेल तर महागातलं चाक घालूनही पंचाईत तशीच राहते.

उन्हाचं गणित मांडता येतं. पहाटे २७ अंशांत ८० पीएसआय हवा भरलेलं टायर दुपारी तापलेल्या डांबरावर ६० अंशांपर्यंत गेलं तर आतला दाब साधारण ९० पीएसआय होतो. चांगल्या टायरला त्यातून धोका नाही. धोका असतो तो कडेचं रबर वाळलेल्या टायरला आणि घाईत चिकटवलेल्या पंक्चरच्या पट्टीला. जळगाव-भुसावळचा पारा मेमध्ये ४५ अंशांपुढे जातो तेव्हा सावलीतही रबर वाळत राहतं, ग्रीस पातळ होऊन बेअरिंगमधून सरकतं, आणि ट्यूबलेस टायरमधलं सीलंट थंड प्रदेशाच्या मानानं लवकर सुकून जातं. ट्यूबलेस घ्यायचं तर उन्हाळ्यात सीलंट वरचेवर तपासायची तयारी हवी. ती नसेल तर साधी ट्यूब उत्तम.

काट्यांचं काय सांगावं! शेताच्या बांधावरचा सराटा, ओढ्याकाठची वेडी बाभूळ हे जुने शत्रू. त्यांत आता नवा आला आहे. महामार्ग चौपदरी झाल्यापासून सायकल कडेच्या पट्ट्यातून चालते, आणि रस्त्यावरचं सगळं उडून तिथेच येऊन पडतं. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून सुटलेल्या केसाएवढ्या पोलादी तारा हे आज सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा रस्त्यांवरच्या पंक्चरचं फार मोठं कारण आहे. ही तार डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागली तर रक्त काढते, आणि टायरमध्ये तशीच राहिली तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर करते. त्यावर इथल्या मातीतलाच उपाय आहे. टायरच्या आतून कापसाचा बोळा हळूहळू फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे तार आहे असं समजायचं.

काळ्या मातीला मात्र उपाय नाही, तिला टाळावंच लागतं. पहिल्या पावसानंतर ती टायरला चिकटते, प्रत्येक फेऱ्याला थर वाढतो, आणि रोड बाईकच्या ब्रेकखाली बोटभरसुद्धा जागा नसल्यामुळे चाक जागच्या जागी थांबतं. जोर लावून ओढलं तर मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा, वाकतो. घरच्या काळ्या सायकलीला मडगार्ड असूनही ती या मातीतून निघायची, कारण तिच्यात टायर आणि फ्रेम यांच्यात भरपूर अंतर असायचं. हे अंतर किती असावं, हा सायकल विकत घेतानाच विचारायचा प्रश्न आहे. २८ किंवा ३२ मिलिमीटरचं टायर मावतं का, ते बघूनच फ्रेम निवडावी.

या सायकलीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातला एक भाग आजही आपल्या खिशाशी जोडलेला आहे. मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्डनं १८८० मध्ये बुश-रोलर चेन तयार केली. कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं १८८५ मध्ये जवळपास सारख्या आकाराच्या दोन चाकांची ‘रोव्हर’ आणली, आणि १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं. सायकलीचा सांगाडा तेव्हाच ठरून गेला. पुढची पन्नास वर्षं भांडण झालं ते गिअरवरून. फ्रान्समधल्या सेंट एतिएनचे पॉल द व्हीव्ही, जे ‘वेलोसिओ’ या नावानं लिहीत, ते म्हणायचे की डोंगरात फिरणाऱ्या साध्या माणसाला बदलते गिअर हवेतच. टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांना गिअर बदलणं हे दुबळ्यांचं काम वाटे. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. शर्यतीच्या लोकांनी ज्याला नाकं मुरडली ते तंत्र प्रवाशांनी आधी वापरून सिद्ध केलं, हे खानदेशातल्या वाचकानं आवर्जून लक्षात ठेवावं. शर्यतीतला माणूस काय वापरतो यावरून आपली सायकल ठरवायची गरज नाही.

इटलीत विचेंझा इथे १९३३ मध्ये सुरू झालेला कँपान्योलो आणि त्याआधीच १९२१ पासून जपानच्या साकाई शहरात असलेला शिमानो, या दोन कारखान्यांनी गिअरचं शास्त्र पुढे नेलं. १९८४ मध्ये शिमानोनं ‘टक’ आवाजासरशी नेमक्या जागी बसणारा गिअर आणला आणि १९९० मध्ये ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअरचा खटका बसवला. त्या वेळी हे अव्वल शर्यतपटूंच्या सायकलींवर होतं. आज आठ गिअरच्या साध्या ‘क्लॅरिस’ संचातही तेच आहे. वरच्या श्रेणीतलं तंत्र काही वर्षांनी खालच्या श्रेणीत उतरतंच. म्हणून उगाच घाईनं महाग संच बसवण्यात शहाणपण नाही असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे गोष्ट निराळी घडली. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्यात हीरो, शिवाय आसनसोलला सेन-रॅले असे कारखाने उभे राहिले. त्यांनी इंग्लिश पद्धतीची जड, काळी, एकाच गिअरची सायकल गावोगाव पोचवली. खानदेशात ती अमळनेरच्या प्रताप मिलच्या आणि धुळ्याच्या न्यू प्रताप मिलच्या भोंग्याबरोबर रस्त्यावर यायची, भुसावळच्या रेल्वे कामगारांची ड्युटी तिच्यावर व्हायची, मास्तर आणि पोस्टमन तिच्यावरून वाड्या-वस्त्या गाठायचे. शेतमाल, दुधाच्या किटल्या, डबल सीट बायको आणि पुढच्या दांडीवर मूल, हे सगळं तिनं पेललं. नगरपालिकेचा पितळी बिल्ला आणि रात्री डायनामो नसला की होणारा दंड अजून पुष्कळांच्या आठवणीत असेल.

त्या काळ्या सायकलीनं आपल्याला एक मोठं धन दिलं: सायकल मिस्त्री. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जनं १८१९ मध्ये आखलेल्या धुळ्याच्या सरळ, नंबरी गल्ल्यांमध्ये, जळगावच्या जुन्या पेठांत, चाळीसगाव-पाचोऱ्याच्या स्टेशनबाहेर या मिस्त्रींची दुकानं होती. काही आजही आहेत. या परंपरेला मी एक स्वतंत्र घराणं मानतो. मागच्या चाकाला पाव इंची छर्रे आणि पुढच्याला तीन-सोळांश इंची, हे त्यांना पाठ असतं. कोन (छर्रे दाबून धरणारा नट) किती आवळायचा ते एक्सल बोटांत फिरवून ठरवतात. चाक आऊट झालं असेल तर आरे छेडून आवाज ऐकतात, आणि कोणता सैल, कोणता ताणलेला ते सांगतात. १९८१ मध्ये जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्यानं चाकावर एक पुस्तक लिहिलं. सायकलचं चाक उभं राहतं ते आऱ्यांच्या ताणावर, आणि सारखा ताण म्हणजे सारखा आवाज, हे त्यानं त्यात शास्त्रानं मांडलं. आमच्या मिस्त्रींचा हात त्याच नियमानं चालत आला आहे.

दुसरं घराणं कारखान्याच्या पुस्तिकेचं. प्रत्येक बोल्टला किती न्यूटन-मीटर जोर, कोणत्या संचाला कोणती चेन, कोणती केबल किती जाडीची, हे त्यात लिहिलेलं असतं. अमेरिकेत १९६३ मध्ये सुरू झालेल्या पार्क टूलनं या घराण्याला अवजारं दिली, आणि मॅसॅच्युसेट्सच्या शेल्डन ब्राऊन या मिस्त्री-लेखकानं (१९४४-२००८) त्या कोरड्या माहितीला माणसाच्या भाषेत आणलं. या दोन घराण्यांचा मेळ घालणं हे खानदेशातलं खरं काम आहे. एकटं कोणतंच पुरत नाही. जुन्या मिस्त्रीला उलटे आटे माहीत असतात: डावं पेडल आणि उजवीकडचा बीबी कप (पेडलच्या मधल्या आसाच्या बेअरिंगची वाटी) उलट्या दिशेनं सुटतो, आणि इंग्लिश आट्यांच्या बहुतेक रोड बाईकलाही तोच नियम लागू पडतो. पण लोखंडाला सोसेल तेवढा जोर लावायची त्याच्या हाताला सवय असते. ॲल्युमिनियमच्या आट्यांना तो जोर सोसत नाही. स्टेमच्या पाच न्यूटन-मीटरच्या बोल्टवर लांब पाना टाकून लटकलं की आटे जातात, आणि मग अख्खा स्टेम बदलावा लागतो. पुस्तिका वाचणाऱ्याला जोराचा आकडा माहीत असतो, पण कोन सैल झाल्याची बारीक खडखड त्याला ऐकू येत नाही.

मिस्त्रीच्या दुकानात होणारी एक गफलत इथेच सांगून टाकतो, कारण ती नव्या माणसाला हमखास महाग पडते. आपल्या काळ्या सायकलीचं टायर २८ इंची म्हणतात, आणि ७०० सी लासुद्धा पुष्कळ ठिकाणी २८ इंचीच म्हणतात. पण एकाच्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर आणि दुसऱ्याचं ६२२. तेरा मिलिमीटरच्या या फरकामुळे एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. टायर घेताना इंच विसरावेत आणि कडेवर कोरलेला ६२२ हा आकडा बघावा. केबलचंही तसंच. गिअरच्या बाहेरच्या नळीत तारा लांबीच्या दिशेनं असतात, ब्रेकच्या नळीत गोल वेटोळ्यात. गिअरची नळी ब्रेकला कधीही लावू नये. जोरात दाबल्यावर ती फुटू शकते, आणि ती फुटणार ते नेमकं ब्रेकची गरज असतानाच.

तिसरं घराणं लांब पल्ल्याच्या लोकांचं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हा बाराशे किलोमीटरचा पल्ला १८९१ पासून चालू आहे. आज तो नव्वद तासांत पुरा करायचा असतो. भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या देखरेखीखाली २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या सफरी, होतात. २०० ला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस तास. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. सायकल वाटेत बंद पडू नये, एवढंच बघितलं जातं. म्हणून या घराण्यात वजनापेक्षा भरवसा मोठा. जाडसर टायर, मडगार्ड, दिवा, सोबत दोन ट्यूब आणि चेन तोडायचं अवजार. जॅन हायनेसारख्या अभ्यासकांनी मोजून दाखवलं की चांगल्या बनावटीचं रुंद टायर कमी हवेवरही अरुंद टायरपेक्षा मागे पडत नाही. आता शर्यतपटूही २८ मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर वापरतात. या पुस्तकाचा कल उघडपणे या घराण्याकडे आहे.

चौथं घराणं शर्यतीचं. ग्रॅममध्ये वजन मोजायचं, वाऱ्याचा अडथळा कमी करायचा. त्यातली शिस्त घेण्यासारखी आहे, त्याच्या खर्चाचा हिशेब आपल्याला लागू पडत नाही. दहा किलोच्या सायकलीचं अर्धा किलो वजन उतरवायला जे पैसे लागतात त्यात दोन वर्षांची चेन, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), टायर, केबल आणि ब्रेकची रबरं येतात. पाण्याच्या भरलेल्या एका बाटलीचं वजनही याहून जास्त असतं.

मुख्य सूत्राचं एक उदाहरण सविस्तर देतो, म्हणजे पुस्तक कोणत्या चालीनं जातं ते कळेल. चेन ‘ताणते’ असं म्हणतात, पण पट्ट्या ताणत नाहीत. आतल्या पिना आणि बुश झिजतात, आणि प्रत्येक सांध्यातली ती बारीक झीज साठत जाऊन चेन लांब होते. कोऱ्या चेनचे चोवीस सांधे पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर बारा इंच भरतात. स्टीलची पट्टी लावून बघावं. एक-सोळांश इंच वाढ दिसली की चेन बदलावी. तिथे दुर्लक्ष करून एक-अष्टमांश होऊ दिली तर तिनं कॅसेटचे दातेही आपल्या मापाचे करून घेतलेले असतात. मग नवी चेन जुन्या दात्यांवरून उडते, आणि दोन्ही बदलावे लागतात. खानदेशात ही झीज लवकर होते, कारण तेलावर बसलेली बारीक धूळ पिनांमध्ये शिरून कानशीसारखं काम करते. मोटारीचं जळकं ऑइल चेनला लावायची इथली जुनी रीत काळ्या सायकलीच्या झाकलेल्या चेनला चालून गेली. उघड्या चेनवर ते धूळ ओढून घेतं. उन्हाळ्यात कोरडं ल्युब किंवा मेण, पावसाळ्यात ओलं ल्युब, लावल्यावर बाहेरून कोरडी पुसलेली चेन, आणि पावसातून आल्यावर त्याच दिवशी सफाई. एवढं केलं तर चेन आणि कॅसेट दोन्हींचं आयुष्य वाढतं.

आता समजा इतकं करूनही दोन-तीन चेननंतर कॅसेटची वेळ आली. इथे सुधारणा येते. पुढे लहान चकती ३४ दात्यांची आणि मागे सगळ्यात मोठी २८ ची असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.५५ मीटर जाते. मागे ३२ ची घेतली तर २.२३ मीटर. मिनिटाला सत्तर फेरे ठेवले तर वेग ताशी १०.७ वरून ९.४ किलोमीटरवर येतो. सपाट रस्त्यावर याचा काही उपयोग नाही. पण चाळीसगावहून कन्नडचा घाट, ज्याला आऊट्रमचं नाव आहे, तो चढताना, किंवा शिरपूरच्या पुढे बिजासनच्या चढावर, किंवा रावेरहून पालकडे जाताना, गुडघ्यावर जोर न देता बसून चढता येतं ते याच फरकामुळे. कॅसेट तशीही बदलायचीच होती, आणि ३२ ची कॅसेट २८ च्या मानानं फारशी महाग नसते. डिरेलर तेवढे दाते पेलतो का, चेन थोडी लांब लागेल का, आणि आपल्या चाकावर खरोखर कॅसेट आहे की आट्यांनी बसवलेलं फ्रीव्हील, एवढं आधी बघावं लागतं. टायर, ब्रेकची रबरं, केबल, सीट, हँडलची टेप या सगळ्यांना हाच न्याय लावता येतो. चाकं त्यानंतर. अख्खा गिअर संच सगळ्यात शेवटी, आणि तोवर बहुतेकांना त्याची गरज राहिलेली नसते.

हे सगळं आत्ताच का लिहावं लागलं? २०२० च्या टाळेबंदीत आणि त्यानंतर सायकलींची मोठी लाट आली. जळगावात मेहरूण तलावाभोवती, धुळ्यात लळिंगच्या रस्त्यावर पहाटे हेल्मेट घातलेली माणसं दिसू लागली: डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, बँकेतले लोक. नाशिकचे महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघानं ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली होती, आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्यानं पुरी केली. त्या बातम्यांनी आपल्या बाजूच्या माणसालाही हे जमतं हा विश्वास दिला होता. लाट ओसरल्यावर त्यातल्या पुष्कळ सायकली जिन्याखाली उभ्या राहिल्या. हौस संपली हे त्याचं एकच कारण नव्हे. गिअर करकरायला लागला, ब्रेक ओरडायला लागला, आणि जवळ दाखवायला कोणी नव्हतं. धुळ्याहून नाशिक आणि जळगावहून छत्रपती संभाजीनगर, दोन्ही दीडशे किलोमीटरच्या पुढे. एका सैल केबलसाठी एवढ्या लांब सायकल कोण नेणार? त्याच २०२० च्या जूनमध्ये ॲटलसनं साहिबाबादचा कारखाना थांबवला. काळ्या सायकली कमी झाल्या तसे गावातले मिस्त्रीही कमी होत गेले. त्यांच्या हातातली विद्या नव्या सायकलींशी जोडून घ्यायची वेळ आत्ता आहे. दहा वर्षांनी ती विचारायला माणूस मिळेल असं मला वाटत नाही.

मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मानव विकास कार्यक्रमातून गावाहून शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. त्या रोड बाईक नाहीत. पण चेन मोजणं, पंक्चर काढणं, ब्रेकची रबरं बदलणं, कोन आवळणं हे तिथेही तेच. सायकल बंद पडली आणि दुरुस्तीला घरात कोणाला वेळ नसला, तर मुलीची शाळा बुडते. म्हणून या पुस्तकातली पहिली काही कामं अशी लिहिली आहेत की आठवीतल्या मुलीला दोन पाने आणि एक पंप घेऊन ती करता यावीत. शाळांनी तेवढी पानं वेगळी छापून घेतली तर मला मनापासून आनंद होईल.

पुस्तकाची मांडणी भागांनुसार नाही, ऋतूंनुसार आहे. उन्हाळा लागण्याआधी काय तपासायचं, मृगाच्या आधी काय बदलायचं, दिवाळीनंतर लांब पल्ल्यांचा हंगाम सुरू होतो त्याआधी चाक आणि बेअरिंग उघडून काय बघायचं, असा क्रम. ऑक्टोबरच्या उन्हात ओव्हरहॉलिंग करून ठेवलं की कापूस वेचणी ते होळी हा आपल्याकडचा सायकलीचा सर्वोत्तम काळ निर्धास्त जातो. शब्द जिथे जमतील तिथे मिस्त्रींचेच घेतले आहेत: आटे, छर्रे, कोन, पाना, आऊट. ज्यांना इथे शब्दच नव्हते, ते डिरेलर, कॅसेट, बीबी असे न घाबरता तसेच ठेवले आहेत. किमती दिलेल्या नाहीत. त्या सहा महिन्यांत जुन्या होतात. त्याऐवजी कशावर आधी खर्च करायचा आणि कशावर नाही, याचा क्रम दिला आहे.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक गिअर आणि कार्बन फ्रेमची दुरुस्ती या तीन गोष्टी मी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. पहिल्या दोन या किमतीच्या सायकलीत सहसा नसतात. तिसरी घरी करायची नसते: कार्बनच्या फोर्कला आदळल्यानंतर बारीक चीर दिसली, तर सायकल तिथेच थांबवावी आणि फोर्क जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय तिच्यावर बसू नये. बाकी जे आहे ते ॲलन कीचा एक संच, चेन तोडायचं अवजार, चांगला पंप, बारा इंची स्टीलची पट्टी आणि रविवारची एक सकाळ, एवढ्यावर करता येतं. कॅसेट आणि बीबी काढायची अवजारं प्रत्येकानं विकत घेण्याची गरज नाही. पाच-सहा जणांनी मिळून एक संच घ्यावा, तो गावातल्या जाणत्या मिस्त्रीकडे ठेवावा, आणि काम करताना त्याच्या शेजारी बसावं.